भरलेली बंदूक : ठासणीच्या बंदुकीची साफसफाई, तेव्हाची आणि आताची

दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या सकाळी आमच्या लष्करातल्या एका जुन्या वाड्यात गेलो होतो. (बाहेरच्या वाचकांसाठी : लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचं लष्कर. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० साली इथे पडला, तळाचं गाव झालं, गावाचं शहर झालं, नाव मात्र लष्करच राहिलं.) घर सरदारांचं, आता अर्ध्या वाड्यात भाडेकरू. देवघरासमोर पाटावर दोन तलवारी, एक कट्यार, एक जंबिया आणि भिंतीला टेकवून एक लांबलचक तोड्याची बंदूक. घरातला नातू, बारावीतला मुलगा, चिंच आणि राख घेऊन बंदुकीची नळी घासत बसला होता. नळीवरचं पितळ चकचकीत झालं होतं आणि पोरगं खूष होतं.

मी तीस वर्षं कारखान्यात देखभाल विभागात काढली. यंत्र दिसलं की आधी त्याचं माप घ्यायचं ही खोड जात नाही. शिवाय आमच्या मंडळासाठी लष्करातल्या घरांमधल्या शस्त्रांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. म्हणून नळीची लांबी घेतली. तोंडापासून कान्यापर्यंत, म्हणजे नळीच्या बुडाशी बाजूला जे बारीक छिद्र असतं तिथपर्यंत, बाहेरून १०९ सेंटीमीटर. मग बंदुकीचाच लोखंडी गज आत सोडला, तोंडाशी बोटाने खूण केली, बाहेर काढून मोजला. साडेएकशेएक. साडेसात सेंटीमीटर कमी.

इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, आत गंज साचला असेल किंवा कुंभारमाशीने घर केलं असेल. म्हणून मी गज पुन्हा आत घातला आणि दोनदा जोरात ठोकला. लोखंडावर लोखंड. पाटापाशी समई तेवत होती, उदबत्ती पेटलेली होती आणि तो मुलगा नळीच्या तोंडासमोर बसून माझं काम बघत होता.

आतून आवाज आला तो टण् असा नव्हता. थप् असा होता, कणकेवर मूठ मारल्यासारखा. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी मुलाला म्हटलं, "बाळ, जरा उठ तिथून." मग समई विझवायला सांगितली. घरच्यांना ते अशुभ वाटलं, पण विझवली.

ब्रिटिश पलटणींच्या कवायतीत तपासणीच्या वेळी गज नळीत सोडून त्याचा आवाज ऐकायची पद्धत होती. खणखणीत वाजला तर नळी रिकामी. बद्द वाजला तर आत काहीतरी आहे. ही गोष्ट मी वाचली होती. वाचलेलं हातात यायला वेळ लागतो, एवढंच.

आता मूळ विषयाकडे येतो. ठासणीच्या बंदुकीची निगा हा विषय शिकारी लोकांचा किंवा हौशी लोकांचा समजला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात काय मिळणार, असं आमच्या मंडळातही एकाने विचारलं. माझं म्हणणं असं की ही बंदूक कशी घाण होते, कशी साफ होते आणि साफ करताना कशी जीव घेते हे कळलं नाही, तर तिच्याभोवतीचा निम्मा इतिहास कळत नाही. सणवारसुद्धा कळत नाहीत आणि १८५७ सुद्धा नीट कळत नाही.

सुरुवात दारूपासून. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. वजनाने साधारण ७५, १५ आणि १० असे भाग. कोळसा आणि गंधक जळतात, जळायला लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो. म्हणून ती बंद नळीतही पेटते. आजच्या काडतुसातली धूरविरहित दारू जवळजवळ सगळी वायू होऊन निघून जाते. काळ्या दारूचं तसं नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावरही घनरूपच राहतो. थोडा धूर होऊन बाहेर पडतो, बाकीचा नळीच्या आत काळा थर होऊन बसतो. त्या थरात पोटॅशियमचे क्षार असतात : कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. यातलं कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी ठेवली तर काय होतं ते घरोघरी माहीत आहे. इथे त्या ओल्या मिठाखाली लोखंड असतं.

म्हणजे बार काढला आणि बंदूक तशीच ठेवली, तर रात्रभरात आतून गंज धरतो. बाहेरून काही दिसत नाही.

यावर उपाय काय, तर पाणी. लोकांना हे ऐकून धक्का बसतो. लोखंडाच्या बंदुकीत पाणी घालायचं? पण हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. तेल ओतलं तर घाण तेलाखाली सुखाने राहते आणि तिथेच लोखंड खाते. उलट खनिज तेल आणि हा काळा थर एकत्र आले की डांबरासारखा चिकटा तयार होतो. म्हणून जगभर जिथे जिथे ही बंदूक होती तिथे क्रम एकच दिसतो : आधी पाणी, मग कोरडं फडकं, मग चरबी किंवा तेल. पाणी गरम घ्यायचं, कारण नळी तापली की आतला ओलावा आपोआप उडून जातो. फार उकळतं घेतलं तर मात्र कोरडी होता होताच नळीवर तांबूस गंजाची साय येते, तेव्हा हात घालता येईल त्याहून थोडं जास्त, इतपत गरम पुरतं. धुताना सडक्या अंड्यासारखा वास येतो तो सल्फाइडचा. वास यायचा थांबला आणि चिंधी पांढरी बाहेर आली की नळी साफ झाली असं समजायचं.

काना वेगळा साफ करावा लागतो. जुन्या देशी बंदुकांना बाजूला साखळीने बांधलेली एक बारीक लोखंडी सुई असते. पुष्कळ घरांत ती हरवलेली असते आणि साखळी तेवढी लोंबत असते, लोकांना वाटतं तो दागिना आहे. तो दागिना नाही. कान्यात घाण बसली की प्याल्यातली रंजक नुसती फुर्र करून जळते आणि आतला मुख्य बार पेटतच नाही. लढाईच्या गर्दीत, आजूबाजूच्या शंभर आवाजांत, आपली बंदूक उडाली की नाही हे शिपायाला कळत नाही. तो वरून आणखी एक बार ठासतो. मग आणखी एक.

ही कल्पना नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गच्या रणांगणावरून २७,५७४ बंदुका गोळा झाल्या. त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या. त्यांपैकीही निम्म्यांत दोन-दोन बार होते आणि काही हजारांत तीनपासून दहापर्यंत. हा आकडा मी मुद्दाम देतो, कारण मागून भरायच्या बंदुकीची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना एक गोष्ट लक्षात येत नाही : ठासणीची बंदूक भरणं सोपं, रिकामी करणं अवघड. आजच्या बंदुकीतून काडतूस बाहेर काढता येतं. हिच्यातला बार उडवून तरी काढायचा, नाहीतर गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी ओढून तरी काढायची. दुसरं काम कटकटीचं. म्हणून लढाई न झालेली, चोर न आलेली, वाघ न दिसलेली बंदूक भरलेलीच खुंटीवर परत जाई. आमच्याकडे चंबळचं खोरं जवळ. डाकूंच्या भीतीने वाड्यावाड्यांत रात्री बंदूक भरून ठेवायची रीत होती. भरणारा माणूस वारला की भरलेली आहे ही माहितीही त्याच्याबरोबर जायची.

आणि दारू काही वारत नाही. तिला दमटपणाचं वावडं आहे, वयाचं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अठराव्या शतकातली एक ब्रिटिश तोफ कित्येक दशकं लोकांसमोर मांडलेली होती. २०१३ च्या जानेवारीत तिचा गंज काढायला घेतला तेव्हा आत गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू सापडली. पोलिसांचं बॉम्बपथक बोलवावं लागलं. लक्षात घ्या, ती सापडली साफ करताना. मधल्या काळात तिच्या अंगाखांद्यावर किती पोरं खेळली असतील देव जाणे.

आता थोडं खंडेनवमीबद्दल. आश्विन शुद्ध नवमीला शस्त्रं घासूनपुसून पुजायची आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन करायचं, हा आपला शिरस्ता. त्यामागची धर्मभावना आहे तिथे आहे, मी तिला हात लावत नाही. पण देखभाल विभागातला माणूस म्हणून मला त्यातलं वेळापत्रक दिसतं. मोहिमा दसऱ्याला निघत, कारण पाऊस संपलेला असे, नद्या उतरलेल्या असत आणि वैरण असे. चार महिने शस्त्रं घरात दमट हवेत पडलेली. तोडा भिजलेला, दारूला ओल आलेली, नळीत गंजाची सुरुवात झालेली. अशा वेळी मोहिमेच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरातलं प्रत्येक हत्यार बाहेर काढून, पुसून, वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून घालायचं. कुठल्याही कारखान्यात पावसाळ्यानंतरची वार्षिक तपासणी याहून वेगळी नसते. फक्त आमच्याकडे हळदकुंकू नव्हतं आणि निम्मे लोक दांडी मारायचे.

हे काम करणारे खास लोकही होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे कारागीर. आज आपल्याकडे ते आडनाव म्हणून उरलं आहे. कुरुंदाचा दगड, तेल आणि हाताची सवय हे त्यांचं भांडवल. सरदारांच्या शिलेखान्यात अशी माणसं असत. सामान्य बारगीर मात्र स्वतःच विटकरीची पूड आणि चिंच घेऊन बसे. इंग्रजांचा शिपाईही वेगळं करत नव्हता. त्यांची ती प्रसिद्ध ब्राउन बेस बंदूक विटकरीच्या पुडीने घासून आरशासारखी ठेवायचा हुकूम असे. घासून घासून नळ्या पातळ होत. म्हणजे चकाकीचं वेड काही फक्त आपलं नाही, हे त्या बारावीतल्या मुलाच्या बाजूने सांगून ठेवतो.

महादजी शिंद्यांच्या वेळी ग्वाल्हेरच्या फौजेत नवी पद्धत आली. १७८४ साली त्यांनी डी बॉयनला नोकरीत घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या राहिल्या. आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली तोफा आणि बंदुका तयार होऊ लागल्या. तिथली बंदूक दहाएक रुपयांत पडे आणि विलायती बंदुकीच्या तोडीची असे, असं इंग्रज लेखकांनीच लिहून ठेवलं आहे. ही बंदूक तोड्याची नव्हे, गारेची. घोड्याच्या चिमट्यात गारगोटी, ती पोलादावर आपटून ठिणगी पडणार. तोड्याच्या बंदुकीत चालते भाग दोन-तीनच, त्यामुळे बिघडायला काही नाही. गारेच्या बंदुकीत कमानी आल्या, स्क्रू आले, गार बदलणं आलं. म्हणजे बंदुकीबरोबर तिचा मिस्त्रीही फौजेत आणावा लागला. दिल्ली आणि लासवारीच्या १८०३ मधल्या लढायांबद्दल बोलताना आपण सेनापतींची फितुरी आणि शौर्य यांबद्दल बोलतो. दोन्ही खरं आहे. पण हजारो गारेच्या बंदुका रोजच्या रोज धुऊन, कोरड्या करून, कमानी तपासून ठेवणारी व्यवस्था शिंद्यांच्या पलटणींनी उभी केली होती, याचं कौतुक कुणी करत नाही.

याच्या पुढची पायरी १८५७ ची. इथे मला साफसफाईचा प्रश्न थेट इतिहासात शिरलेला दिसतो.

जुन्या ब्राउन बेसची नळी आतून गुळगुळीत, व्यास पाऊण इंच. गोळी मात्र ०.६९ इंचाची. मध्ये दीड मिलिमीटरची मोकळीक. ही ढिलाई निष्काळजीपणा नव्हे. नळीत घाण साचली तरी पुढची गोळी घरंगळत आत जावी म्हणून ती ठेवलेली होती. नेम गेला खड्ड्यात, पण बार भरता आला पाहिजे. नवी एनफील्ड रायफल, १८५३ चा नमुना, यांत नळी आतून पीळदार. व्यास ०.५७७ इंच आणि सुरुवातीची गोळी ०.५६८. मोकळीक जेमतेम पाव मिलिमीटर. पहिल्या पाच-दहा बारांनंतर काळा थर साचला की गोळी आत जाईना. म्हणून काडतुसाच्या कागदाचं गोळीकडचं टोक मेणचरबीत बुडवलेलं असे आणि गोळी त्या कागदासकट ठासली जाई. ती चरबी आधीच्या बाराची घाण मऊ करे. थोडक्यात, प्रत्येक गोळी जाताजाता नळी पुसत जाई. साफसफाईचं काम काडतुसातच घातलेलं होतं.

आणि त्याच चरबीने पेट घेतला. १८५७ च्या जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली. महिनाअखेरीस हुकूम निघाला की काडतुसं चरबीशिवाय द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. तांत्रिकदृष्ट्या हे अगदी शक्य होतं. मेण आणि तूप किंवा तेल चाललं असतं. पण तोवर विश्वास उडाला होता आणि हुकुमातून शिपायांनी अर्थ काढला तो हाच की आधीच्या चरबीत नक्की काहीतरी होतं. बंडाची कारणं काडतुसापुरती नव्हती हे शाळेतली मुलंही सांगतील. मला एवढंच म्हणायचं आहे की ज्याला आपण 'काडतूस प्रकरण' म्हणतो ते मुळात नळी घाण होण्याचं प्रकरण होतं. १४ जूनला इथे ग्वाल्हेर कंटिंजंट उठली आणि पुढच्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंनी याच गावाच्या वेशीवर देह ठेवला. त्या साखळीच्या एका टोकाला पाव मिलिमीटरची फट आहे.

टोपीच्या बंदुकीबद्दल थोडक्यात. गारेऐवजी तांब्याची बारीक टोपी, तिच्यात आघाताने पेटणारं रसायन. पाऊस असला तरी चालते. पण जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे, त्याचं जळून क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. त्यामुळे ही बंदूक टोपीखालच्या बोंडापाशी सगळ्यात आधी सडते. आणि घरात सापडलेल्या बंदुकीच्या बोंडावर टोपी बसलेली दिसली, तर घोड्याला हात लावू नका. तोड्याच्या बंदुकीला विस्तव लागतो. हिला नुसता ठोका पुरतो.

आता आजचा प्रश्न. परदेशी हौशी लोक नव्या बनवलेल्या ठासणीच्या बंदुकांनी नेमबाजी करतात. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडचे काही जण वाड्यातल्या दोनशे वर्षांच्या नळीत उकळतं पाणी ओततात. हे करू नये. चालू बंदूक आणि वारशाची बंदूक यांची निगा अगदी उलट असते. ज्यांच्याकडे पिकाच्या रक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे आणि जी खरोखर चालवली जाते, त्यांनी पाण्याने धुतलीच पाहिजे, त्याच दिवशी. आधी गज घालून रिकामी असल्याची खात्री, टोपी काढलेली, दारूचं शिंग दुसऱ्या खोलीत. मग पाणी, चिंधी, कोरडं, आणि शेवटी खोबरेल किंवा तिळाच्या तेलाचं बोट. रात्री तोंड खाली करून ठेवली की जास्तीचं तेल लाकडात आणि चापात उतरत नाही. पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल पुसून काढायचं. आणि एकामागून एक बार काढताना मध्ये ओलसर चिंधी फिरवायची, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर वरून ओतलेली दारू हातातच पेटते. शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही, मापाने ओतायची, ते याचसाठी. शिंग म्हणजे हातातला बॉम्ब.

पण जी बंदूक शंभर वर्षांत उडालेली नाही, तिच्या नळीत धुण्यासारखं काही नाही. तिथे पाणी गेलं की पितळी किंवा चामडी पट्ट्यांखाली, लाकडाच्या खाचेत जाऊन बसतं आणि आतून कुजवतं. पुष्कळ देशी नळ्यांचं बूड घरच्या साधनांनी उघडत नाही, त्यामुळे पाणी गेलं की बाहेर निघायला वाट नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर हे सगळं आम्ल. नळी पिळाच्या लोखंडाची असेल तर तिच्या अंगावरची लाटांची नक्षी आम्लाने आणि राखेने जाते. कोफ्तगरीचं सोनं तर लोखंडावर ओरखडे पाडून त्यावर ठोकलेला पातळ वर्ख असतो. विटकरीच्या एका हाताने दोनशे वर्षांचं सोनं चिंधीवर येतं. मी हे स्वतः पाहिलं आहे, आणि चिंधी घेऊन बसलेल्या गृहस्थांना ते सोनं आहे हे सांगायचा धीर मला झाला नाही.

वारशाच्या बंदुकीला लागतं फार थोडं. मऊ कोरडा ब्रश, सुती फडकं, हातात मोजे, कारण बोटांच्या घामातही मीठ असतं. लोखंडावर संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, अगदी पातळ. सुट्टा लाल भुगा पडत असेल तर जाणकाराला दाखवायचं. घट्ट बसलेला काळपट तपकिरी थर तसाच राहू द्यायचा, तो तिचा अंगरखा आहे. भिंतीला टेकवून ठेवायची नाही, आमच्याकडच्या भिंती पावसाळ्यात घाम गाळतात. आणि चाप ओढून बघायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

या सगळ्याच्या आधी ते माप. बाहेरची लांबी, आतली लांबी. नळीचं तोंड माणसांपासून दूर, विस्तव खोलीबाहेर, आणि गज लाकडाचा. हलकेच सोडायचा, ठोकायचा नाही, मी केलं तसं तर मुळीच नाही. दोन मापांत फरक आला तर तिथेच थांबायचं. तो गंज असेल, माती असेल, कुंभारमाशी असेल. ते ठरवण्याचं काम तुमचं नाही. पोलीस ठाण्याला कळवायचं आणि परवानाधारक बंदूक कारागिराला बोलवायचं. पोलिसांचं नाव काढलं की घरातले लोक घाबरतात. जुनी बंदूक म्हणजे परवाना लागत नाही अशी समजूत सर्रास आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या नमुन्याच्या आणि पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्ती करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा हत्यारांनाच. धडधाकट नळीची ठासणीची बंदूक त्यात बसत नाही. कागद आधीच नीट असले तर पोलिसांची भीती राहत नाही.

आमच्या त्या वाड्यात सुदैवाने आजोबांच्या काळापासूनचा परवाना होता. चार दिवसांनी कारागीर आला. वयाने सत्तरीचा, बोलणं कमी. त्याने बंदूक अंगणात नेली आणि सरळ तोंडातून व कान्यातून पाणी भरलं. वर मी पाणी घालू नये म्हटलं ते रिकाम्या बंदुकीबद्दल. भरलेल्या बंदुकीपुढे नक्षी आणि लाकूड यांचा विचार नंतर. दोन दिवस ती तशीच पाणी पीत उभी होती, मधूनमधून कान्यातून काळं पाणी ठिबकत होतं. तिसऱ्या दिवशी स्क्रू लावलेल्या गजाने त्याने आधी कापडाचा बोळा ओढला, मग गोळी, मग पुन्हा कापड, आणि शेवटी काळा चिखल. गोळी शिशाची, पंधरा मिलिमीटरची, वीस ग्रॅम भरली. चिखलाचा अंदाज मी नळीच्या व्यासावरून काढला : सात-आठ ग्रॅम दारू असावी. कापड जाडं, खादीसारखं, एका कडेला लाल काठाचा धागा. कुणाच्या तरी धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा. दरसाल या बंदुकीसमोर समई लावली जात होती आणि दरसाल कुणीतरी पोर चाप ओढून बघत होतं.

घरातल्या आईसाहेब, वय शहाऐंशी, झोपाळ्यावर बसून हे सगळं पाहत होत्या. गोळी बाहेर आली तेव्हा सगळे थक्क झाले, त्या झाल्या नाहीत.

"मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "ती भरलेली आहे, तिला ओलांडायचं नाही आणि तिच्यापुढे बसायचं नाही. मी सगळ्यांना सांगत आले."

त्यांच्या चिरंजिवांनी मान खाली घातली. "अहो आई, आम्हाला वाटलं, भरलेली म्हणजे... देवीचं काहीतरी."

मी वहीत हे लिहून घेत होतो. घराण्यांच्या मुलाखती घेताना अशी वाक्यं मी आजवर कितीतरी वेळा 'श्रद्धा' या सदरात टाकली आहेत. ती यादी मला पुन्हा काढून बघावी लागणार होती. मी आईसाहेबांना विचारलं, सासूबाई आणखी काय काय सांगायच्या.

"आणखी काय," त्या म्हणाल्या. "माळ्यावरच्या दुसरीबद्दलही तेच सांगायच्या."